चार ओळींचा बदल दुसऱ्याच्या लायब्ररीत कसा पोचतो

मजकूर लांबला की तो मध्येच कापून पुढे तीन टिंबं लावायची, हे काम जवळपास प्रत्येक वेबसाइटला आणि ॲपला लागतं. बातमीचा मथळा असो, वस्तूचं नाव असो की निरोपाची पहिली ओळ. त्यासाठीचं फंक्शन, म्हणजे ठरलेलं एक काम करणारा कोडाचा तुकडा, कुणी दरवेळी नव्याने लिहीत बसत नाही, तयार लायब्ररीतून घेतात. आता अशा एखाद्या फंक्शनला ‘विद्यार्थी’ हा शब्द द्या आणि आठ चिन्हांवर कापायला सांगा. पडद्यावर उमटतं ‘विद्यार्…’. थी गेला आणि त्याच्यावरचा रफार सुटा पडून पाय मोडलेला र मागे लटकत राहिला. वाचणाऱ्याला वाटतं, टाइप करणाऱ्याला मराठी येत नसावं. खरं कारण वेगळं असतं. ज्याने ते फंक्शन लिहिलं त्याच्या लिपीत एक अक्षर म्हणजे एक चिन्ह, आणि असा शब्द त्याच्यासमोर कधी आलेलाच नसतो.

ओपन सोर्स लायब्ररीत बदल कसा करायचा हे समजावताना मी हाच दोष उदाहरणाला घेतो, कारण तो मराठी वाचणाऱ्या कुणालाही डोळ्यांनी दिसतो. तो दुरुस्त करायला कोड लागतो जेमतेम चार ओळींचा. पण त्या चार ओळी मूळ लायब्ररीत जाऊन तिच्या पुढच्या आवृत्तीतून सगळ्यांपर्यंत पोचायला दोन-तीन आठवडे सहज जातात, कधी महिनेही. हा वेळ जातो कुठे, हे नीट कळलं की पहिल्यांदा बदल पाठवणाऱ्याची निम्मी भीती आणि निम्मी चिडचिड कमी होते.

लायब्ररी कुणाची असते?

लायब्ररी म्हणजे इतर प्रोग्रामना वापरता यावा म्हणून बांधून ठेवलेला कोड. तुमचा प्रोग्राम एका लायब्ररीवर उभा असतो, ती आणखी पाच लायब्रऱ्यांवर, त्या पाच आणखी कशाकशावर. ही उतरंड किती खोल जाते ते मार्च २०१६ मध्ये जगाला दिसलं. जावास्क्रिप्टच्या एनपीएम या भांडारातून ‘लेफ्ट-पॅड’ नावाचं एक पॅकेज त्याच्या लेखकाने काढून घेतलं. काम एवढंच, की मजकुराच्या डाव्या बाजूला ठरलेल्या रुंदीपर्यंत मोकळी जागा किंवा शून्यं भरायची. कोड ११ ओळींचा. पण बेबेलसारखी मोठी साधनं वळणावळणाने त्यावर अवलंबून होती. जगभर लोकांचे प्रकल्प बांधले जाईनात, आणि शेवटी एनपीएमला ते पॅकेज काही तासांत परत आणावं लागलं.

ओपन सोर्स म्हटलं की लोकांना वाटतं, दार उघडं आहे, कुणीही यावं आणि हवं ते लिहून जावं. तसं नाही. उघडेपणा लायसन्सचा असतो: कोड वाचा, वापरा, बदला, बदललेला वाटा. मूळ प्रकल्पात काय घ्यायचं हे मात्र तो सांभाळणारे लोक ठरवतात. त्यांना मेंटेनर म्हणतात. एसक्यूलाइट हा डेटाबेस बहुतेक प्रत्येक मोबाइलमध्ये असतो, त्याचा सगळा कोड सार्वजनिक मालकीचा आहे, तरीही त्याचे कर्ते बाहेरच्यांचा कोड सहसा घेत नाहीत. तो त्यांचा हक्क आहे. बाहेरच्यांचे बदल आनंदाने घेणारे प्रकल्प अर्थातच असंख्य आहेत. पण तिथेही बदल पाठवणं हा हक्क नसून विनंती असते, आणि तो प्रकार ‘पुल रिक्वेस्ट’ याच नावाने ओळखला जातो.

मला या विषयातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे: तुम्ही चार ओळी पाठवता आणि विसरून जाता, पण ज्याने त्या घेतल्या त्याला त्या पुढची कित्येक वर्षं सांभाळायच्या असतात. त्यात दोष निघाला तर लोक त्याच्याकडे येणार. लायब्ररीचा तो भाग पुढे बदलायचा झाला तर तुमच्या ओळींचा अर्थ त्याला लावावा लागणार. मेंटेनरांपैकी बरेच जण हे काम नोकरी सांभाळून, रात्री नाहीतर सुट्टीत करतात. त्यामुळे मेंटेनरच्या मनात ‘कोड चालतो का’ याच्या आधी ‘हे मी अंगावर घेऊ का’ हा प्रश्न असतो. योगदानाच्या ज्या रीती बाहेरून कटकटीच्या वाटतात, त्यातल्या बहुतेक या एका प्रश्नातून आल्या आहेत.

अनोळखी माणसाबद्दल सावध राहायला त्यांच्याकडे कारणंही आहेत. फाइली आवळून लहान करणाऱ्या एक्सझेड या साधनाचं उदाहरण घ्या. एकाने दोन वर्षांहून अधिक काळ इमानदारीने छोटे-मोठे बदल पाठवले, थकलेल्या मेंटेनरचा विश्वास मिळवला, स्वतः सहमेंटेनर झाला आणि मग ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा बसवला. मार्च २०२४ मध्ये तो उघडकीला आला, तोही आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरच्या संगणकात लॉगिन होताना साधारण अर्धा सेकंद जास्त का लागतोय, असा प्रश्न पडला म्हणून. त्याने तो अर्धा सेकंद सोडून दिला असता, तर हा कोड जगभरच्या सर्व्हरांवर पसरला असता. तुमचा हेतू शुद्ध असला तरी समोरच्याला तो दिसत नाही. त्याला दिसतो फक्त कोड, आणि कोडाबरोबर तुम्ही जे लिहिता ते.

कोड लिहिण्याआधी

पहिलं काम वाचनाचं. बऱ्याच प्रकल्पांत ‘कॉन्ट्रिब्युटिंग’ नावाची फाइल असते. टेस्ट कशा चालवायच्या, कोड कसा मांडायचा, बदल कुठल्या ब्रँचवर, म्हणजे कोडाच्या कुठल्या फांदीवर पाठवायचा, हे तिच्यात असतं. दहा मिनिटांत वाचून होते. न वाचता पाठवलेला बदल मेंटेनरला पहिल्या नजरेत ओळखू येतो.

दुसरं, आधीचे इश्यू धुंडाळा. इश्यू म्हणजे प्रकल्पाच्या पानावरची नोंद: हा दोष आहे, ही सोय हवी आहे. बंद झालेले इश्यूही बघा. शक्यता अशी की, तीन वर्षांपूर्वी कुणीतरी हेच मांडलं होतं आणि त्यावर ‘आम्ही हे मुद्दाम असं ठेवलं आहे’ असं उत्तर मिळालं होतं. ते आधी वाचलं तर तुमचे दोन दिवस वाचतात, किंवा त्या उत्तराला तुमच्याकडे नवा मुद्दा असला तर तो घेऊन जाता येतं.

कुठेच काही सापडलं नाही, तर आपला इश्यू लिहायचा. इथे खरी कसोटी आहे. ‘मराठी मजकूर नीट कापला जात नाही’ एवढं लिहून चालत नाही. ज्याला देवनागरी वाचता येत नाही त्याला ‘विद्यार्…’ आणि ‘विद्या…’ यांत चूक कुठली आणि बरोबर कुठलं हे कसं कळावं? त्याला पडताळता येईल अशा रूपात दोष मांडणं हे आपलं काम आहे.

म्हणून असं मांडायचं: ‘विद्यार्थी’ हा शब्द वाचणाऱ्याला तीन अक्षरांचा दिसतो, वि, द्या, र्थी. पण संगणकावर सगळ्या लिप्या साठवायच्या युनिकोड या पद्धतीत तो दहा कोडपॉइंटांचा असतो: व, वेलांटी, द, हलन्त, य, काना, र, हलन्त, थ, वेलांटी. कोडपॉइंट म्हणजे युनिकोडने प्रत्येक सुट्या चिन्हाला दिलेला क्रमांक. फंक्शन हे दहा मोजतं आणि आठव्यानंतर कापतं, म्हणजे नेमकं एका जोडाक्षराच्या मधोमध. माणसाला एक अक्षर वाटणाऱ्या गटाला युनिकोड ‘ग्राफीम क्लस्टर’ म्हणतं, आणि काप त्याच्या सीमेवरच पडायला हवा.

आणि त्याखाली एक ओळ आणखी: हेच फंक्शन झेंड्याच्या इमोजीवर चालवून बघा. प्रत्येक देशाचा झेंडा दोन कोडपॉइंटांचा असतो. मध्ये कापला की झेंडा जातो आणि एक चौकटीतलं अक्षर उरतं. देवनागरी न येणाऱ्या मेंटेनरला हे तत्काळ दिसतं. आता तो ‘एका भाषेची अडचण’ राहत नाही, त्याच्या फंक्शनचा दोष होतो. ही युक्ती मला फार उशिरा सुचली. त्याआधी मी एका प्रकल्पात असाच दोष फक्त मराठी उदाहरणं देऊन मांडला होता आणि माझा इश्यू कित्येक महिने उत्तराविना पडून राहिला. इमोजीचं उदाहरण जोडलं आणि दुसऱ्या दिवशी उत्तर आलं.

इश्यूच्या शेवटी विचारायचं: ‘हा दोष म्हणून मान्य असेल तर मी दुरुस्ती पाठवू का?’ होकार येईपर्यंत थांबायचं. शुद्धलेखनाची चूक किंवा तुटलेला दुवा असल्या किरकोळ गोष्टींना एवढं थांबायची गरज नाही, त्या सरळ पाठवाव्यात.

फोर्क, ब्रँच, कमिट

साधनांचा भाग मी भराभर सांगतो, कारण तो हाताने चार वेळा केला की अंगवळणी पडतो.

बहुतेक सगळं गिट या, कोडातल्या बदलांचा इतिहास सांभाळणाऱ्या साधनावर चालतं. लिनक्सचे कर्ते लिनस टोरवाल्ड्स यांनी गिट एप्रिल २००५ मध्ये लिहायला घेतलं, कारण लिनक्सचा कोड सांभाळायला तोवर जे साधन वापरलं जाई त्याची फुकट वापरायची परवानगी काढून घेतली गेली होती. गिटमध्ये प्रत्येकाकडे पूर्ण इतिहासासकट अख्खी प्रत असते. म्हणून मूळ प्रकल्पाला हात न लावता हवे तेवढे प्रयोग करता येतात. गिटहब, २००८ पासूनचं, हे त्यावर उभं राहिलेलं, प्रकल्प ठेवायचं ठिकाण.

मूळ प्रकल्पाची स्वतःच्या खात्यात प्रत घेणं म्हणजे फोर्क. ती आपल्या संगणकावर उतरवणं म्हणजे क्लोन. मुख्य कोडाला धक्का न लावता काम करायला वेगळी फांदी काढायची, ती ब्रँच. केलेल्या बदलाची संदेशासकट नोंद म्हणजे कमिट. ब्रँच आपल्या फोर्कवर चढवायची, म्हणजे पुश, आणि तिथून मूळ प्रकल्पाला ‘हे घ्याल का’ विचारायचं, ती पुल रिक्वेस्ट. गिटलॅबवर तिलाच मर्ज रिक्वेस्ट म्हणतात. लिनक्सच्या कर्नलला, म्हणजे गाभ्याला, फोर्क आणि अशी पुल रिक्वेस्ट लागत नाही, तिथे आजही बदल ईमेलने जातात.

एकच सल्ला: प्रत्येक कामाला वेगळी ब्रँच. दोन असंबद्ध दुरुस्त्या एका ब्रँचमध्ये गुंतल्या की एकीवर वाद झाल्यावर दुसरीही अडकते.

आधी नापास होणारी टेस्ट

आता मुख्य काम. कोडाला हात लावण्याआधी टेस्ट लिहा. टेस्ट म्हणजे फंक्शनला ठरावीक गोष्ट देऊन ठरावीक उत्तर येतं का ते तपासणारा छोटा कोड. आपल्या टेस्टमध्ये एवढंच: ‘विद्यार्थी’ आठवर कापलं तर ‘विद्या…’ यावं. ती चालवा. ती नापास झाली पाहिजे. नापास झाली म्हणजे दोष खरोखर आहे आणि टेस्ट त्यालाच पकडते आहे हे सिद्ध झालं. दुरुस्तीनंतर लिहिलेली टेस्ट बऱ्याचदा अशी निघते की दुरुस्ती काढली तरी ती पासच होते, म्हणजे तिने काहीच तपासलेलं नसतं.

मेंटेनरसाठी ही टेस्ट तुमच्या कोडाहून मोलाची असते. पाच वर्षांनी त्या फंक्शनचं कुणी पुनर्लेखन केलं तर तुमचा कोड राहणार नाही. पण टेस्ट राहील, आणि नवा कोड जोडाक्षर तोडायला लागला तर तीच ओरडून सांगेल.

मग दुरुस्ती. पहिला विचार येतो तो असा: कोडपॉइंट मोजणं सोडून द्यावं आणि ग्राफीम क्लस्टर मोजावेत. आठ म्हणजे आठ अक्षरं. ऐकायला स्वच्छ वाटतं, आणि मीही आधी हेच केलं असतं. पण थांबून विचार करा की ही लायब्ररी आज कोण कशासाठी वापरतंय. कुणीतरी वीसवर कापलेला मजकूर वीस कोडपॉइंट मावतील अशा डेटाबेसच्या रकान्यात टाकत असणार. मोजमाप बदललं की वीस अक्षरांचे चाळीस कोडपॉइंट होतील, रकाना उतू जाईल, आणि ज्याने फक्त लायब्ररीची पुढची आवृत्ती बसवली त्या माणसाचा प्रोग्राम भलत्याच ठिकाणी कोसळेल. डॉक्युमेंटेशनमध्ये तसं आश्वासन दिलेलं नसतं हे खरं. पण वापरणारे पुरेसे झाले की फंक्शनच्या दिसणाऱ्या प्रत्येक वागण्यावर कुणी ना कुणी विसंबलेलंच असतं. स्वतःच्या प्रोग्राममध्ये आपण बेधडक बदल करतो आणि लायब्ररीत नाही, ते याच कारणाने.

म्हणून दुसरा मार्ग: मोजायचं पूर्वीसारखंच, पण काप जोडाक्षराच्या मध्ये पडत असेल तर आधीच्या सीमेपर्यंत मागे सरकायचं. ‘विद्यार्थी’त सीमा दुसऱ्या, सहाव्या आणि दहाव्या कोडपॉइंटनंतर आहेत. आठला कापायचं आहे, म्हणून सहावर या. उत्तर ‘विद्या…’. आता निघणारा मजकूर पूर्वीपेक्षा कधीच लांब होत नाही, फार तर थोडा आखूड होतो. कुणाचा रकाना उतू जात नाही. साध्या इंग्रजी मजकुरावर काही फरक पडत नाही, कारण तिथे प्रत्येक अक्षर ही सीमाच असते. दोन ओळींत काम झालं.

हा दोन ओळींचा कोड पाठवताना आजूबाजूचं काही आवरायला जाऊ नका. शेजारच्या फंक्शनमधली नावं खटकतात, कुठे रिकाम्या जागा वाकड्यातिकड्या आहेत, हे सगळं दिसतं आणि हात शिवशिवतात. पण वाचणाऱ्याला मग तीनशे ओळींच्या फरकातून तुमच्या दोन ओळी शोधाव्या लागतात. ते आवरणं हवंच असेल तर वेगळ्या पुल रिक्वेस्टमध्ये करा.

संदेश

कमिटच्या संदेशाची पहिली ओळ छोटी, साधारण पन्नास अक्षरांच्या आत ठेवायची रीत आहे. त्याखाली एक ओळ मोकळी सोडून सविस्तर. ‘काय बदललं’ हे कोडात दिसतंच, म्हणून संदेशात ‘का’ लिहायचं. ‘बग दुरुस्त केला’ हा संदेश दोन वर्षांनी कुणाच्याच कामाचा नसतो, लिहिणाऱ्याच्याही नाही. त्याऐवजी: ‘मजकूर कापताना जोडाक्षर तुटू नये. काप ग्राफीम क्लस्टरच्या मध्ये पडत असेल तर आधीच्या सीमेवर घेतो. मोजमाप मुद्दाम बदललेलं नाही, कारण निघणारा मजकूर दिलेल्या मर्यादेपेक्षा लांब होऊ नये.’ शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. तुम्ही कुठला मार्ग सोडलात आणि का, हे कोड कधीच सांगू शकत नाही.

हा संदेश बहुतेक ठिकाणी इंग्रजीत लिहावा लागतो. त्याने बिचकू नका. छोटी, सरळ वाक्यं लिहा. व्याकरणाची चूक झाली म्हणून मी कुणाचा बदल परत गेलेला पाहिलेला नाही. काय म्हणायचंय तेच कळेना म्हणून परत गेलेले मात्र पुष्कळ पाहिले आहेत.

मग लाल फुली येते

पुल रिक्वेस्ट उघडली की सीआय सुरू होतं, म्हणजे प्रकल्पाचा संगणक तुमचा कोड घेऊन सगळ्या टेस्ट आपोआप चालवतो, वेगवेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर आणि भाषेच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांवर. तुमच्या संगणकावर सगळं हिरवं होतं. इथे एका जुन्या आवृत्तीवर लाल फुली: अपेक्षित ‘विद्या…’, मिळालं ‘विद्यार्…’.

पहिल्यांदा हे झालं की माणूस खचतो. लाल फुलीचा नुसता रंग बघू नका, तिच्यावर क्लिक करून पूर्ण नोंद वाचा. कारण सापडतं आणि ते मजेदार असतं. देवनागरीत हलन्ताने जोडलेली व्यंजनं एकाच गटात धरावीत, हा नियम युनिकोडच्या मूळ क्लस्टर-नियमांत २०२३ च्या १५.१ आवृत्तीत आला. त्याआधीच्या नियमांप्रमाणे ‘विद्यार्थी’चे गट पाच: वि, द्, या, र्, थी. म्हणजे जुन्या नियमांवर चालणाऱ्या आवृत्तीत आठवर सीमा आहेच. तुमचा कोड तिथे मागे सरकणारच नाही.

आता रिव्ह्यू करणारी, म्हणजे प्रकल्पाच्या वतीने तुमचा कोड तपासणारी व्यक्ती येते आणि लिहिते: ‘तुम्ही या लिपीबद्दल जास्त जाणता. कापल्यावर शेवटी हलन्त उरला तर आणखी एक गट मागे घेतला, तर चालेल का?’

सूचना चांगली आहे. लगेच ‘हो’ म्हणून बदल करून टाकावासा वाटतो. पण इथे तुमची भाषा उपयोगी पडते. मराठीत काही शब्द हलन्तानेच संपतात, ‘अर्थात्’ असं लिहिणारे लोक आहेत. काप बरोबर त्या शब्दाच्या शेवटी पडला तर सरसकट नियम त्याचं ‘अर्था…’ करून टाकेल. म्हणून तुम्ही उत्तर देता: ‘सूचना पटली, एक अट घालू या. हलन्तानंतर लगेच व्यंजन येत असेल तरच मागे सरकायचं. पुढे मोकळी जागा किंवा विरामचिन्ह असेल तर शब्द तिथेच संपला आहे, त्याला हात लावायचा नाही. “अर्थात्”साठी वेगळी टेस्ट जोडली आहे.’ दोन ओळी आणखी. झाल्या चार.

रिव्ह्यू म्हणजे काय, ते मला याच देवाणघेवाणीत दिसतं. समोरच्याला लायब्ररी माहीत आहे, तुम्हाला लिपी माहीत आहे, आणि दोघांना मिळून असं उत्तर सापडतं जे एकट्याला सापडलं नसतं. ‘हे असं का केलंत?’ हा प्रश्न आरोपासारखा वाचू नका. बहुतेक वेळा तो खरोखरच प्रश्न असतो. पटलं तर बदला, नाही पटलं तर कारण द्या, आणि प्रत्येक शेऱ्याला काहीतरी उत्तर द्या, नुसतं ‘केलं’ असलं तरी.

रिव्ह्यूने सगळं पकडलं जातं असं नाही. २०१४ मध्ये उघड झालेला, इंटरनेटवरची देवाणघेवाण गुप्त ठेवणाऱ्या ओपनएसएसएल या लायब्ररीतला हार्टब्लीड हा दोष, मागितलेली लांबी खरी आहे का एवढी एक तपासणी राहून गेल्याचा होता, आणि तो रिव्ह्यू होऊनच आत गेला होता. डोळ्यांची जी एकच जोडी तुमचा कोड वाचणार आहे, तिला तो वाचायला जितका सोपा कराल तितकं बरं.

हे लिहिलेलं कुणाचं?

लायसन्सचा भाग कंटाळवाणा वाटतो, पण एक गोष्ट पक्की करून घ्या: तुम्ही पाठवलेला कोड द्यायचा हक्क तुम्हाला असला पाहिजे. कुठूनतरी फंक्शन उचलून पेस्ट केलं, ते जीपीएल लायसन्सखाली होतं आणि ही लायब्ररी एमआयटीची, तर तुमच्या दहा ओळींनी अख्ख्या प्रकल्पासमोर कायद्याचा प्रश्न उभा राहतो. जीपीएल म्हणतं, पुढे वाटाल तर याच अटींवर वाटा. एमआयटी जवळपास फक्त मूळ सूचना आणि नाव जपा एवढंच सांगतं. त्यामुळे एकातलं दुसऱ्यात बिनदिक्कत ओतता येत नाही. नोकरीच्या वेळेत लिहिलेला कोड बहुधा कंपनीचा असतो, तेव्हा करारही वाचा.

म्हणून काही प्रकल्प कमिटखाली ‘साइन्ड-ऑफ-बाय’ अशी ओळ मागतात. लिनक्सच्या जगात २००४ पासून ही रीत आहे, आणि त्या ओळीचा अर्थ ‘हे मी लिहिलं आहे किंवा द्यायचा मला हक्क आहे, असं मी जाहीर करतो’. पायथन किंवा अपाचेसारखे प्रकल्प त्याऐवजी योगदानाच्या करारावर सही घेतात. सही एकदाच करायची असते, पण करण्याआधी वाचायची.

एआयकडून लिहून घेतलेल्या कोडाचा प्रश्नही इथेच येतो. जेंटू या लिनक्स वितरणाने एप्रिल २०२४ मध्ये असं योगदान बंद केलं, इतर काही प्रकल्प सांगून पाठवायला परवानगी देतात. तुमच्या प्रकल्पाचा नियम काय ते बघा. माझं मत विचाराल, तर ज्या ओळीबद्दल ‘ही इथे का आहे’ असं विचारल्यावर तुम्हाला स्वतःला उत्तर देता येत नाही, ती पाठवू नका. पाठवणाऱ्याची दोन मिनिटं जातात आणि वाचणाऱ्याचा तास जातो. हे एआयच्या आधीही घडलं आहे. ऑक्टोबरात ओपन सोर्सला योगदान द्यायला लावणाऱ्या हॅक्टोबरफेस्ट या उपक्रमात २०२० मध्ये टी-शर्ट मिळवण्यासाठी लोकांनी निरर्थक पुल रिक्वेस्टींचा एवढा पूर आणला, की आयोजकांना महिना संपायच्या आत नियम बदलून, फक्त ‘आम्हाला चालेल’ म्हणणारे प्रकल्पच त्यात धरावे लागले.

नकार, शांतता, आणि होकार

कधी उत्तरच येत नाही. दोन आठवडे थांबून एक नम्र ओळ लिहायला हरकत नाही. रोज लिहू नये. कधी नकार येतो: ‘दोष खरा आहे, पण हे आमच्या लायब्ररीचं काम नाही.’ वाईट वाटतं, मलाही वाटलेलं आहे. पण लायसन्सने दिलेला हक्क नकारानंतरही शाबूत असतो. तुमच्या फोर्कमध्ये तो बदल आहे, तुम्ही वापरू शकता, इतरांना देऊ शकता.

आणि कधी हिरवी खूण येते, ‘मर्ज केलं, धन्यवाद’, म्हणजे बदल मूळ कोडात मिसळला. तरी तुमचा बदल लगेच लोकांपर्यंत जात नाही. पुढची आवृत्ती निघावी लागते. बहुतेक लायब्रऱ्या आवृत्तीला तीन आकडे देतात. दोषाची दुरुस्ती असेल तर शेवटचा वाढतो, ४.२.१ चं ४.२.२. जुनं न मोडता नवी सोय आली तर मधला. जुना वापर मोडत असेल तर पहिला. आपण मोजमाप न बदलायचा मार्ग घेतला म्हणून तुमचा बदल ४.२.२ मध्ये जाऊ शकतो, आणि वापरणारे काहीही विचार न करता ती आवृत्ती घेतील. मोजमाप बदललं असतं तर ५.० ची वाट बघावी लागली असती, कदाचित वर्षभर.

मग काही महिन्यांनी एक सूचना येते. कुणीतरी इश्यू उघडला आहे आणि मेंटेनरने त्यात तुमचं नाव घातलं आहे: ‘या ओळी तुम्ही लिहिल्या होत्या, बघाल का?’ बंगाली मजकुरात, जुन्या आवृत्तीवर, जोडाक्षर अजून तुटतंय. तुम्ही तुमची चौथी ओळ उघडून बघता. तिथे फक्त देवनागरीचा हलन्त तपासलेला आहे, आणि बंगालीच्या हसन्ताला युनिकोडमध्ये वेगळा क्रमांक आहे. तुम्हाला बंगाली वाचता येत नाही. तुम्ही त्या माणसाला लिहिता: नेमका शब्द कोणता, किती कोडपॉइंटांवर कापला, आणि तुमच्या भाषेत एखादा शब्द हसन्ताने संपतो का?